रॅम असेल तोच एडिटर?

ग्रुप प्रोजेक्ट जाहीर झाला की मास कॉमच्या वर्गात पहिला प्रश्न ‘विषय काय घ्यायचा?’ हा नसतो. पहिला प्रश्न असतो, ‘ए, गेमिंग लॅपटॉप कोणाकडे आहे?’ ज्याच्याकडे असेल तो एडिटर. विषय संपला. बाकीच्यांनी स्क्रिप्ट लिहायची, परवानग्यांची पत्रं घेऊन फिरायचं, ट्रायपॉड उचलायचा, सगळ्यांसाठी वडापाव आणायचे आणि शेवटी श्रेयनामावलीत ‘प्रॉडक्शन’ या गोंडस शब्दाखाली आपलं नाव शोधायचं.

एका सेमिस्टरपुरतं हे ठीक आहे. पण तीन वर्षं हेच चालतं. मग इंटर्नशिपचे अर्ज भरायची वेळ येते आणि तिथे लिहिलेलं असतं, ‘शोरील जोडा.’ शोरील एकाकडेच असते. त्याच्या इतकीच नजर असलेली, कदाचित जास्तच, अशी दोन-तीन जणं वर्गात असतात, पण त्यांचा टाइमलाइनला हातच लागलेला नसतो. त्यांना एडिटिंग येऊ नये असं कोणी ठरवलेलं नसतं. सरांनी नाही, मित्रांनी नाही. ते लॅपटॉपने ठरवलेलं असतं. आणि घरात एकच लॅपटॉप असेल तर तो आधी कोणाच्या खोलीत असतो, दादाच्या की ताईच्या, हे तुम्हीच आठवून बघा.

यावर कॉलेजात मिळणारं उत्तर ठरलेलं आहे. ‘अरे, रॅम वाढवून घे ना!’ जणू काही चहात साखर वाढवायची आहे. एक तर बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते, ती वाढवताच येत नाही. दुसरं म्हणजे पैसे. आणि तिसरं, ज्यासाठी मी हा लेख लिहितेय, ते म्हणजे हे उत्तर गणितातच चुकतं. रॅम दुप्पट केली तरी ते काम त्या पद्धतीने होणार नसतं. आणि पद्धत बदलली तर बहुतेक वेळा आहे त्या रॅममध्ये होतं.

उदाहरण घेऊ. आपल्याकडे प्रत्येक बॅचमध्ये एक तरी टाइमलॅप्स असतोच. सह्याद्रीवरून उतरणारे ढग, नाहीतर चौकात उभा राहणारा गणपतीचा मांडव. समजा तुम्ही दर १० सेकंदांनी एक असे ६०० फोटो काढलेत. म्हणजे १ तास ४० मिनिटं ट्रायपॉडजवळ उभं राहिलात. २४ फ्रेम प्रति सेकंद या हिशोबाने त्याचा व्हिडिओ होतो २५ सेकंदांचा. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, जेपेग फाइल साधारण ८ एमबीची. ६०० फोटो म्हणजे ४.८ जीबी. लॅपटॉपमध्ये रॅम ८ जीबी. तुम्ही म्हणणार, मावतंय की! फोल्डर उचलता, सॉफ्टवेअरमध्ये टाकता. पंखा विमानासारखा ओरडायला लागतो, माऊस अडकत अडकत सरकतो आणि थोड्या वेळाने स्क्रीनवर तो पांढुरका पडदा चढतो. हँग.

कारण ८ एमबी हा फोटोचा घडी घालून ठेवलेला आकार आहे. साडी कपाटात घडी करून ठेवली की वीतभर जागा घेते, पण नेसायची तर ती पूर्ण उलगडावी लागते. जेपेगचंही तसंच. त्यावर काहीही करायचं, रंग बदलायचा, कापायचा, नुसतं बघायचं, तरी तो मेमरीत उलगडावा लागतो. ६००० गुणिले ४००० म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट. झाले ७२ एमबी. एका फोटोचे. ६०० फोटोंचे ४३.२ जीबी. आणि सॉफ्टवेअर जास्त अचूकतेसाठी प्रत्येक रंगाला एकाऐवजी चार बाइट वापरत असेल, तर हाच आकडा १७२.८ जीबीवर जातो.

आता सांगा, ८ ची रॅम १६ करून काय होणार? ३२ केली तरी ४३ मावत नाहीत. ज्याच्याकडे गेमिंग लॅपटॉप आहे त्याच्याकडेही मावत नाहीत. त्याचा फक्त थोडा उशिरा हँग होतो.

रॅम भरली की कॉम्प्युटर लगेच हात वर करत नाही. तो रॅममधला काही भाग डिस्कवर नेऊन ठेवतो, लागला की परत आणतो. याला स्वॅपिंग म्हणतात. रॅमच्या तुलनेत डिस्क खूप हळू. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर तर विचारूच नका. त्यामुळे तुमचा लॅपटॉप ‘काम करतोय’ असं वाटतं तेव्हा तो बहुतेक वेळ सामान या खोलीतून त्या खोलीत हलवत असतो. कामाला वेळच मिळत नाही.

मग उपाय काय? उपाय आपण रोज खिशात घेऊन फिरतो. स्वस्तातल्या चार जीबी रॅमच्या फोनवर तीन तासांचा सिनेमा अगदी व्यवस्थित दिसतो. त्या सिनेमातल्या फ्रेम मोजा. ३ तास, सेकंदाला २४, म्हणजे २ लाख ५९ हजार २००. फुल एचडीची एक फ्रेम पूर्ण रंगांत उलगडली तर ६.२ एमबी. सगळ्या एकदम उलगडल्या तर दीड टीबीच्या वर. एवढी मेमरी फोनमध्ये नाही, तुमच्या कॉलेजच्या लॅबमधले सगळे पीसी एकत्र केले तरी बहुधा होणार नाही. तरी सिनेमा चालतो, कारण फोन एका वेळी एकच फ्रेम उलगडतो, फार तर तिच्या मागच्या-पुढच्या मोजक्या हाताशी ठेवतो, दाखवून झाली की फेकून देतो आणि पुढची घेतो.

जुन्या थिएटरातला प्रोजेक्टर तरी वेगळं काय करायचा? रीळ केवढंही मोठं असो, दिव्यासमोरच्या खिडकीत एका क्षणी एकच चौकट. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी काय केलं, ते आपल्या फिल्म स्टडीजच्या पेपरात एका ओळीत येतं आणि आपण पुढे जातो. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्या अंकुराचं रोज थोडं थोडं चित्रण करत गेले. ‘अंकुराची वाढ’. महिनाभराची वाढ पडद्यावर क्षणात. भांडवल देणाऱ्यांना पटवायला ही छोटीशी फिल्म कामी आली. म्हणजे भारतीय सिनेमाच्या उंबरठ्यावर एक टाइमलॅप्स उभा आहे, आणि त्यात त्या दिवसाची चौकट सोडून बाकी काहीच कॅमेऱ्याला ‘लक्षात’ ठेवायचं नव्हतं.

त्याहून भारी गोष्ट व्हॉयेजरची. १९७७ मध्ये नासाने सोडलेल्या या यानांच्या कॅमेऱ्याचं एक चित्र ८०० गुणिले ८०० पिक्सेलचं, प्रत्येक पिक्सेलला एक बाइट, म्हणजे ६४० केबी. यानावरच्या सगळ्या कॉम्प्युटरांची मिळून मेमरी साधारण ७० केबी. एक अख्खं चित्रसुद्धा त्यात मावणार नाही! म्हणून चित्र ओळीओळीने वाचलं जायचं आणि सरळ पृथ्वीकडे किंवा यानावरच्या डिजिटल टेपवर जायचं. १९७९ मध्ये गुरू जवळ येत असताना पाठवलेल्या अशाच चित्रांची माळ करून ती प्रसिद्ध फिल्म झाली, ज्यात गुरूवरचे ढगांचे पट्टे वाहताना दिसतात आणि तो मोठा लाल डाग भोवऱ्यासारखा गरगरतो. नसेल बघितली तर आजच बघा.

तर, ‘आठ जीबीत होत नाही’ म्हणणाऱ्या आपल्याला थोडी लाज वाटायला हरकत नाही. पण लाज विद्यार्थ्यांना जास्त का वाटावी? त्यांना हे कुणी शिवकलंय कुठे? पेपरात प्रश्न येतो, ‘पिक्सेल म्हणजे काय? थोडक्यात लिहा.’ दोन मार्क. ६०० फोटोंना किती मेमरी लागेल, हा प्रश्न मी एकाही प्रश्नपत्रिकेत पाहिलेला नाही. खरं तर तो पाचवीतला गुणाकार आहे.

पद्धत बदलायची म्हणजे नेमकं काय करायचं, तेही सांगते, नाहीतर हा लेख म्हणजे नुसती तक्रार होईल.

सगळ्यात आधी, तुमचा शेवटचा व्हिडिओ फुल एचडी असेल तर ६००० पिक्सेल रुंदीचे फोटो टाइमलाइनवर नेताच कशाला? आधी एकेक फोटो उघडून, लहान करून, वरचं-खालचं थोडं कापून वेगळ्या फोल्डरमध्ये सेव्ह करायचा. एका वेळी एकच. मूळ फोटोंना हात लावायचा नाही. हे हाताने करायचं नसतं, त्यासाठी फुकट साधनं आहेत. इमेजमॅजिक हे त्यातलं जुनं आणि दणकट. पण त्यातही गंमत बघा. त्याची ‘कन्व्हर्ट’ ही आज्ञा सगळ्या फोल्डरवर चालवली तर ती आधी सगळे फोटो वाचून घेते आणि मग कामाला लागते. ‘मॉग्रिफाय’ ही दुसरी आज्ञा एकेक फोटो घेऊन संपवत जाते. (मात्र ती मूळ फाइलवरच लिहिते, म्हणून वेगळा फोल्डर सांगायला विसरू नका.) सॉफ्टवेअर तेच, लॅपटॉप तोच, फोटो तेच. एकीने हँग होतं, दुसरीने होत नाही. हा फरक ज्याला माहीत आहे त्याला नवा लॅपटॉप घ्यावा लागत नाही.

जेपेगची आणखी एक सोय फारशी कुणाला ठाऊक नसते. तो पूर्ण न उलगडता थेट निम्म्या, पाव किंवा एक अष्टमांश मापात उघडता येतो. आपला ७२ एमबीचा फोटो एक अष्टमांश मापात ७५० गुणिले ५०० चा होतो आणि मेमरीत जेमतेम १.१ एमबी घेतो. फोटो निवडायला, क्रम लावायला, कुठे माणूस मध्ये आला ते बघायला एवढं भरपूर झालं.

हेच तत्त्व एडिटिंगमध्ये ‘प्रॉक्सी’ नावाने येतं. केडेनलाइव्ह, शॉटकट, ब्लेंडर, सगळ्यांत ती सोय आहे आणि ही तिन्ही फुकट आहेत. काम लहान प्रतींवर करायचं, फायनल एक्सपोर्टच्या वेळी सॉफ्टवेअर स्वतःच मूळ फाइल घेतं. ९६० गुणिले ५४० च्या प्रॉक्सी केल्यात तर ६०० फ्रेम सगळ्या उलगडल्या तरी ९३३ एमबी. आता आठ जीबीत क्रोम उघडं ठेवून, गाणी लावून एडिट करा. एक्सपोर्ट रात्री लावा आणि झोपा.

जोडून व्हिडिओ करायचं काम एफएफएमपेगचं. काळी खिडकी, एक ओळ टाइप करायची, बस्स. ते फोटो क्रमाने घेतं, फ्रेम करतं, पुढे जातं. फोटो ६०० असोत की ६० हजार, त्याला लागणारी मेमरी जवळपास तेवढीच राहते. आमच्याकडे काळी खिडकी दिसली की ‘ते आयटीवाल्यांचं’ म्हणून लोक मागे सरकतात. का, तर आम्ही क्रिएटिव्ह! एक ओळ टाइप केल्याने कुणाची क्रिएटिव्हिटी मेलेली मी पाहिलेली नाही.

पायथन शिकणाऱ्यांसाठी एवढंच, की यादीत फोटोंची नावं ठेवा, फोटो ठेवू नका. लूपमध्ये नाव घ्या, फोटो उघडा, काम करा, सोडून द्या. इंजिनीअरिंगचे माझे मित्रसुद्धा आधी सगळे फोटो एका यादीत भरतात आणि मग लॅपटॉपला शिव्या घालतात. मायक्रोस्कोपखाली पेशींचे हजारो फोटो काढणारे बायोलॉजीवाले जे इमेजजे वापरतात, त्यात यासाठी ‘व्हर्च्युअल स्टॅक’ असा पर्यायच आहे. दिसताना सगळी माळ समोर दिसते, पण मेमरीत येतो फक्त तुम्ही बघताय तो फोटो.

‘पण ज्यात सगळे फोटो एकत्र लागतात त्याचं काय?’ हा प्रश्न बरोबर आहे. पण ‘एकत्र लागतात’ असं वाटणाऱ्या बऱ्याच गोष्टींत ते लागत नाहीत. रात्रीच्या आकाशात ताऱ्यांच्या वर्तुळाकार रेषा दाखवणारे फोटो बघितले असतील. शेकडो फोटोंची बेरीज वाटते. प्रत्यक्षात हातात दोनच चित्रं लागतात, आतापर्यंतचं आणि नवीन आलेलं. प्रत्येक पिक्सेलला दोघांतला जास्त उजळ ठेवायचा, नवीन फेकायचा, पुढचा घ्यायचा. सरासरी काढायची तर चालू बेरीज ठेवायची. क्रिकेटचा स्कोअर सांगायला आधीचे सगळे चेंडू पुन्हा बघावे लागत नाहीत, तसंच.

टाइमलॅप्समध्ये उजेड लुकलुकतो, ते घालवायलाही तेच. पहिल्या फेरीत प्रत्येक फोटो लहान मापात उघडून त्याचा सरासरी उजेड एका आकड्यात लिहून घ्या. ६०० फोटोंचे ६०० आकडे. प्रत्येकी चार बाइट धरले तरी २.४ केबी. ते आकडे शेजारच्या आकड्यांशी जुळवून गुळगुळीत करा आणि दुसऱ्या फेरीत एकेका फोटोला त्याच्या आकड्याप्रमाणे उजळ किंवा मंद करा. ४३ जीबीचा प्रश्न २.४ केबीवर आला.

काही कामं मात्र खरंच हट्टी असतात. रस्त्यावरची माणसं पुसून रिकामा चौक दाखवायचा असेल, तर प्रत्येक पिक्सेलचा मध्यक काढतात, आणि मध्यकाला त्या जागेचे सहाशेच्या सहाशे आकडे समोर हवेत. तिथे चालू बेरजेने भागत नाही. मग चित्राच्या आडव्या पट्ट्या करायच्या. १०० ओळींची एक पट्टी, सगळ्या ६०० फोटोंमधली, १.०८ जीबी. अशा ४० पट्ट्या एकामागून एक, आणि शेवटी त्या चिकटवायच्या. यात मेमरी वाचते आणि वेळ जातो, कारण पट्ट्या कापून डिस्कवर ठेवाव्या लागतात आणि पुन्हा वाचाव्या लागतात. फुकट काहीच नाही. आपल्याकडे पैसे कमी आणि रात्र मोठी असेल, तर हा सौदा मला परवडतो.

आता कुणी म्हणेल, म्हणजे कॉलेजने लॅब सुधारायलाच नको, पोरं जुगाड करतीलच की. नाही! हे वाक्य मला अजिबात मान्य नाही. जुगाडाचं कौतुक करत गरिबीला गोड म्हणायची आपली सवय आहे. प्रोजेक्ट फी घेता तर चालणारे पीसी द्या. थ्रीडी, मोठे इफेक्ट्स, एआय मॉडेल, यांना दणकट यंत्रं लागतात आणि ती हवीतच. त्यात हल्ली मेमरी चिप्स एआयच्या डेटा सेंटरांकडे धावतायत, त्याचा भार आपल्यासारख्या एका स्टिकवाल्या गिऱ्हाइकावरही पडतोय. माझं म्हणणं एवढंच की वर जे सांगितलं, तो जुगाड नाहीये. एका वेळी लागेल तेवढंच हातात घेणं ही या क्षेत्रातली मूळ पद्धत आहे. अभ्यासक्रमात ती ‘ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी’ म्हणून नाही, पहिल्या सेमिस्टरच्या दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांसाठी हवी.

आणि ब्रीफ देताना तरी थोडा विचार करा. ‘सबमिशन फोर के मध्येच’ असा नियम काही ठिकाणी असतो. तपासणी होते वर्गातल्या त्या प्रोजेक्टरवर, ज्याच्यावर फुल एचडीसुद्धा धड दिसत नाही आणि ज्याचा एक कोपरा निळा पडलेला असतो. फोर केची एक फ्रेम फुल एचडीच्या चौपट मेमरी घेते. ती चौपट कुणासाठी मागताय? मार्क शॉटला द्यायचे की पिक्सेलना?

दोस्तांनो, ग्रुपमध्ये आपणही एक गोष्ट करू शकतो. पुढच्या प्रोजेक्टला गेमिंग लॅपटॉपवाल्या मित्राला सांगा, तू यावेळी परवानग्यांची पत्रं घेऊन फिर, वडापाव आण. तुझ्या मशीनवर फक्त रात्री फायनल एक्सपोर्ट लावू. प्रॉक्सी एका पेनड्राइव्हवर मावतात, त्या घेऊन ज्याला एडिट करायचंय तो आपल्या चार-आठ जीबीच्या डब्यावर बसेल. फक्त फोल्डरची नावं बदलू नका, आणि फोटोंना ०००१, ०००२ असे शून्यासकट क्रमांक द्या. नाहीतर बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये १ नंतर १० येतो आणि तुमच्या मांडवात बाप्पा खांबांच्या आधी येऊन बसतो.